रक्तदाब पडेपर्यंत थांबायला शिकवू नका

परिचर्या, वैद्यकीय आणि प्रथमोपचाराचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे आणि नव्याने कामावर येणाऱ्या मुलामुलींना रुग्णाच्या खाटेपाशी शिकवण्याचं कामही करते. आपण आखलेला अभ्यासक्रम पूर्ण करून ही मुलं माझ्याकडे येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात, अवघड शीरही त्यांना पटकन सापडते. पण रक्तस्राव झालेल्या रुग्णाजवळ उभं केलं की त्यांतली बहुतेक जण दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळतात, वरचा आकडा वाचतात आणि तो ११० असला की निर्धास्त होतात. 'बीपी ठीक आहे' असं लिहून पुढच्या खाटेकडे जातात. तेवढ्यात त्या रुग्णाचे हात गार पडलेले असतात, नाडी १२०ने धावत असते आणि तो तिसऱ्यांदा पाणी मागत असतो.

यात मुलांचा दोष नाही. रक्त किंवा पाणी कमी झाल्यामुळे येणारा शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचण्याची अवस्था), म्हणजे हायपोव्होलेमिक शॉक, त्यांना शिकवलाच असा जातो. धड्याची सुरुवात 'सिस्टोलिक (म्हणजे वरचा) रक्तदाब ९०च्या खाली' या ओळीने होते आणि परीक्षेतही तीच विचारली जाते. माझी तक्रार या ओळीबद्दल आहे. रक्तदाब ९०च्या खाली जाणं हा या आजाराचा उशिराचा टप्पा आहे. आपण धडा शेवटापासून सुरू करतो आणि विद्यार्थी त्या शेवटाची वाट पाहायला शिकतात.

शरीरात काय घडतं ते इथे थोडं सविस्तर लिहिते. आपल्याला ते ठाऊक आहे, पण याच क्रमाने ते वर्गात सांगितलं जात नाही.

७० किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, म्हणजे दर किलोमागे सुमारे ७० मिली. रक्तदानात ३५० ते ४५० मिली जातं आणि निरोगी माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही. आता धरा की त्याच माणसाचं एक लिटर रक्त तासाभरात गेलं. शरीरातलं बरंचसं रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतं. तिथून हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालं की हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर टाकतं. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबग्राही पेशींना हे लगेच कळतं. अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय वेग वाढवतं, शिरा आवळतात आणि साठवणीतलं रक्त पुढे ढकलतात. त्वचा, आतडी आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणजे उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयासाठी राखलं जातं. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, लघवी कमी आणि गडद होते, तहान लागते.

या सगळ्या खटपटीचा उद्देशच रक्तदाब टिकवणं हा आहे. म्हणून तो टिकतो. पट्ट्यावर दिसणारा ११० हा आकडा त्वचेच्या, आतड्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या जिवावर मिळवलेला असतो. तिथल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही, त्या प्राणवायूशिवाय काम भागवू लागतात, त्यातून तयार होणारं लॅक्टेट साठतं, रक्त आम्लधर्मी होतं आणि ते आम्ल बाहेर टाकायला श्वास वाढतो. हे सगळं 'बीपी ठीक आहे' असं लिहिलेल्या तासातच चालू असतं.

शिवाय त्याच पट्ट्यावर एक खूण आधीपासून दिसत असते. वाहिन्या आवळल्या की खालचा, म्हणजे डायस्टोलिक आकडा वर सरकतो. ठोक्यागणिक बाहेर पडणारं रक्त कमी झालेलं असल्यामुळे वरचा आकडा हळूहळू उतरू लागतो. १२०/८० असलेला माणूस ११४/९०वर येतो. दोन्ही आकडे सुटे पाहिले तर घाबरण्यासारखं काही नाही. त्यांच्यातला फरक मात्र ४०वरून २४वर आलेला आहे. किती विद्यार्थ्यांना ही वजाबाकी करायला शिकवलं आहे? माझ्याकडे आलेल्यांपैकी फारच थोड्यांना.

अपघातग्रस्तांवरच्या उपचारांचा जगभर शिकवला जाणारा एटीएलएस अभ्यासक्रम रक्तहानीचे चार वर्ग करतो: १५ टक्क्यांपर्यंत, १५ ते ३०, ३० ते ४० आणि ४० टक्क्यांच्या वर. त्याच्या तक्त्यात दुसऱ्या वर्गातही, म्हणजे दीड लिटरपर्यंत रक्त गेलं तरी, वरचा रक्तदाब सामान्य दाखवला आहे. तो खाली येतो तो तिसऱ्या वर्गात. हा अभ्यासक्रम कुठून आला हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावं. १९७६ साली जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचं छोटं विमान नेब्रास्कामधल्या शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली आणि जवळच्या रुग्णालयात मुलांना मिळालेले उपचार पाहून ते हादरले. त्यातूनच १९७८ साली पहिला प्रशिक्षणवर्ग झाला. एका बापाच्या संतापातून उभी राहिलेली ही शिस्त आहे, आणि तिच्या तक्त्यातली सर्वांत उपयोगी ओळ आपले विद्यार्थी वाचून सोडून देतात.

तक्त्याबद्दल एक सावधगिरीही शिकवायला हवी. अपघातग्रस्तांच्या मोठ्या नोंदसंग्रहांमधली माहिती नंतर तपासली गेली, तेव्हा प्रत्यक्षातले रुग्ण इतक्या नीटनेटक्या पायऱ्यांनी उतरत नाहीत असं दिसलं. कुणाची नाडी ९०वरच राहते. बीटा-ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी ठेवणारं औषध) घेणाऱ्याचं हृदय वेग वाढवू शकत नाही, पेसमेकर असलेल्याची नाडी यंत्र ठरवतं. ज्या वृद्धाचा रोजचा रक्तदाब १६० असतो, त्याच्या बाबतीत ११० हा आकडा मोठी घसरण असतो. जखमींमधला मृत्यूचा धोका ९०च्या बराच आधी, ११०च्या खाली गेल्यापासूनच वाढू लागतो, हे दाखवणारा अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास २००७ सालीच प्रसिद्ध झाला आहे. तरीही पाठ्यपुस्तकात ९० जसाच्या तसा आहे.

लहान मुलांचं याहून वेगळं आहे. त्यांच्या वाहिन्या इतक्या जोराने आवळतात की सुमारे एक तृतीयांश रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहू शकतो, आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. त्यानंतर हाताशी मिनिटं उरतात. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळं मिळून अडीचशे मिलीच्या आसपास रक्त असतं. बाळाच्या बाबतीत रक्तदाबाकडे पाहत बसणं म्हणजे वेळ हातची घालवणं. तिथे बोट लावायचं: छातीच्या मधोमध पाच सेकंद दाबून सोडल्यावर त्वचेचा रंग परत यायला दोन-तीन सेकंदांहून जास्त लागतात का, पाय कुठपर्यंत गार आहेत, बाळ आईकडे पाहतं की नुसतं पडून राहतं.

आणि बाळंतिणी. यांच्याबद्दल मला सर्वांत कळकळीने लिहायचं आहे. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. निसर्गाने दिलेली ही शिल्लक प्रसूतीत उपयोगी पडते आणि तीच आपली फसवणूकही करते, कारण लिटरभर रक्त जाऊनही ती हसून बोलत असते. त्यात रक्त किती गेलं याचा अंदाज नजरेने घेतला जातो, आणि जितकं जास्त जातं तितका हा अंदाज कमी निघतो. चादरीत मुरलेलं, पाण्यात मिसळलेलं, बादलीत गेलेलं कोण मोजणार? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह या चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियामधल्या ८० रुग्णालयांचा अभ्यास झाला. काही ठिकाणी प्रसूतीनंतर मापाच्या खुणा असलेली पिशवी बाईच्या खाली लावली गेली आणि अतिरक्तस्राव दिसताच गर्भाशयाची मालिश, ते आकुंचन पावण्याची औषधं, गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन आणि रक्तस्रावाच्या जागेची तपासणी हे सगळं एकदम सुरू केलं गेलं. तिथे अतिरक्तस्राव ओळखण्याचं प्रमाण ९३ टक्के होतं. नेहमीच्या पद्धतीने काम चाललेल्या ठिकाणी ते ५१ टक्के होतं. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, या तिन्हींचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. एक प्लास्टिकची पिशवी आणि ती पाहिल्यावर न थांबण्याची शिस्त. प्रसूतिगृहात शिकणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच आठवड्यात कळायला हवं.

नाडीला वरच्या रक्तदाबाने भागायचं, हा आकडाही शिकवावा. त्याला शॉक इंडेक्स म्हणतात आणि १९६७ पासून तो वैद्यकीय वाङ्मयात आहे. निरोगी प्रौढात तो साधारण ०.५ ते ०.७ असतो. बाळंतिणीत तो ०.९ला पोहोचला की धोक्याची सूचना समजायची, आणि नाडीचा आकडा रक्तदाबाच्या आकड्याला ओलांडून गेला तर कुणालाही हाक मारायला संकोच करू नये. यासाठी यंत्र लागत नाही.

ज्या खुणा मोजता येत नाहीत त्यांचं काय? त्यांना पाठ्यपुस्तकात एक ओळ मिळते: 'रुग्ण अस्वस्थ, फिकट, घामेजलेला.' या तीन शब्दांत दडलेलं सगळं उलगडून सांगणारं कुणी हवं. अस्वस्थ म्हणजे मास्क ओढून काढणारा, उठून बसू पाहणारा, 'मला काहीतरी होतंय' असं पुन्हा पुन्हा सांगणारा. अशा रुग्णाला त्रासदायक समजून झोपेचं औषध दिलं जातं, आणि ज्या आवळलेल्या वाहिन्यांच्या जोरावर तो तग धरून होता त्या सैलावतात. फिकटपणा सावळ्या त्वचेवर दिसतच नाही. तो पापणीच्या आत, जिभेवर आणि तळहातावर शोधावा लागतो. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर आकडा पकडत नसेल तर मशीन बिघडलं म्हणून दुसरं आणतात, तेही पकडत नाही, मग तिसरं. गार बोटात रक्त पोहोचत नाही म्हणून ते पकडत नाही, हा निरोप समोर असूनही वाचला जात नाही. आणि श्वास! श्वास मोजल्याशिवायच चार्टवर १८ किंवा २० लिहिण्याची सवय किती खोल मुरली आहे हे आपणही पाहिलं असेल. पूर्ण एक मिनिट मोजून २६ निघाले, तर ती बातमी रक्तदाबाच्या कितीतरी आधी आलेली असते.

हिमोग्लोबिनबद्दलही हेच. नुकतंच भळभळून रक्त गेलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन १३ येऊ शकतं, कारण पेशी आणि पाणी दोन्ही एकत्रच बाहेर गेले आहेत. ते उतरतं ते नंतर, ऊतींमधलं पाणी आत ओढलं गेलं किंवा आपण सलाईन दिलं की. पहिल्या अहवालावर विसंबून रक्तस्राव नाही असं ठरवणं धोक्याचं आहे.

शिवाय रक्त नेहमी डोळ्यांना दिसत नाही. जमिनीवर थेंब नसताना छातीच्या पोकळीत, पोटात, कटिरात (कमरेच्या हाडांच्या पोकळीत) किंवा मांडीत ते साठलेलं असतं. मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर आत जिरू शकतं, कटिराच्या अस्थिभंगात त्याहूनही जास्त. पाळी चुकलेल्या तरुणीला पोटात दुखून भोवळ आली तर गर्भनलिकेतला गर्भ फुटला नाही ना, हे आधी पाहायचं. काळं, डांबरासारखं शौच होणाऱ्या वृद्धाचा रक्तस्राव शौचकूपात वाहून जातो. हे विद्यार्थ्यांना पाठ असतं, फक्त वेगळ्या प्रकरणात. शॉकच्या धड्यात ते एकत्र येत नाही.

आता पाण्याच्या हानीबद्दल. जुलाब-उलट्या, मोठं भाजणं, मधुमेहातल्या अतिशर्करेमुळे होणारी भरमसाट लघवी: यांत लाल रंगाचं काहीच दिसत नाही म्हणून हा शॉक कमी दर्जाचा मानला जातो. शिरेतून द्रव देण्याची सुरुवात मात्र इथूनच झाली आहे. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ इथे थॉमस लाटा यांनी पटकीने मरणपंथाला लागलेल्या एका वृद्धेच्या शिरेत मीठ-पाणी सोडलं. खोल गेलेले डोळे वर आले, गार अंगात ऊब आली, ती बोलू लागली. लाटा तिला दुसऱ्यांच्या हाती सोपवून विश्रांतीला गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, भरपाई पुन्हा केली गेली नाही, आणि काही तासांत ती गेली. जेवढं गेलं तेवढं भरलं तरी पुढे जात राहणारं मोजून भरत राहावं लागतं, हे यापेक्षा स्पष्ट कोणत्या उदाहरणातून शिकवता येईल? आणि १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांसाठी उभारलेल्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला कुटुंबीयांनाच शिकवलं. सुमारे ३० टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.

शॉकमध्ये गेलेल्या मुलाला मात्र तोंडाने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार अतितीव्र निर्जलीकरणात दर किलोमागे १०० मिली द्रव शिरेतून जातं: वर्षाच्या आतल्या बाळाला पहिले ३० मिली एका तासात आणि उरलेले ७० पाच तासांत, मोठ्या मुलाला ३० मिली अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. पिऊ लागताच ओआरएस सोबत सुरू होतं. इथे भराभर द्रव देणं हाच इलाज आहे.

आणि इथेच पाठ्यपुस्तकाची 'उपचार: शिरेतून द्रव' ही एक ओळ घात करते, कारण रक्तस्रावात तोच वेग मारक ठरू शकतो. सलाईन प्राणवायू वाहत नाही, रक्त गोठवत नाही, आणि थोड्याच वेळात त्यातलं बरंचसं वाहिन्यांबाहेर निघून जातं. ते गार असतं, गोठण्याचे घटक पातळ करतं आणि दाब वाढवून नुकतीच धरलेली गुठळी उडवतं. वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमींच्या अनुभवावरून १९१८ मध्येच बजावलं होतं की शल्यविशारद रक्तस्राव थांबवायला तयार नसताना दाब वाढवला तर गरजेचं रक्तच वाया जाईल. १९९४ साली ह्यूस्टनमध्ये छाती-पोटात घुसलेल्या जखमांच्या ५९८ रुग्णांवर याची पाहणी झाली. शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंत द्रव न दिलेल्यांत ७० टक्के वाचले, लगेच दिलेल्यांत ६२. प्रत्येक रुग्णाला हे लागू नाही. डोक्याला मार बसलेल्याचा दाब पडू देऊन चालत नाही. पण रक्त जाणाऱ्या माणसासाठी क्रम ठरलेला आहे: आधी भोक बुजवायचं, मग रक्ताने रक्त भरायचं, अंग गरम ठेवायचं. गारठा, आम्लता आणि न गोठणारं रक्त ही तिन्ही एकमेकांना वाढवतात, म्हणून पांघरूण हाही उपचारच आहे.

वेळेचं महत्त्व औषधातही दिसतं. २०१० सालच्या क्रॅश-२ चाचणीत २० हजारांहून जास्त जखमींवर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड तपासलं गेलं. दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटले, आणि तीन तासांनंतर दिल्यावर ते वाढल्याचं दिसलं. रक्तदाब पडण्याची वाट पाहणाऱ्याच्या हातून हे तीन तास सहज निसटतात.

आपल्याकडे माझं मागणं मोठं नाही. नवा विषय नको, जास्तीचे तास नकोत. धड्याचा क्रम बदला. आधी रक्तदाब टिकून असतानाचा शॉक शिकवा आणि ९०ची ओळ शेवटी, 'उशीर झाल्याची खूण' म्हणून ठेवा. रक्तहानी आणि पाण्याची हानी शेजारी शेजारी शिकवा, म्हणजे दोन्हींच्या उपचारातला फरक डोळ्यांत भरेल. सरावाच्या निरीक्षण-तक्त्यात दोन आकड्यांतला फरक, शॉक इंडेक्स, मिनिटभर मोजलेला श्वास आणि तासाची लघवी यांना रकाने द्या. प्रौढात दर किलोमागे तासाला अर्धा मिलीपेक्षा कमी लघवी होत असेल तर ते लाल शाईने लिहायला लावा. एकेका नोंदीपेक्षा दोन तासांतला उतार वाचायला शिकवा. आणि प्रथमोपचाराच्या वर्गात सामान्य माणसांना एवढं तरी शिकवा: जखमेवर थेट आणि न सोडता दाब द्यायचा, हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबाने थांबत नसेल तर टुर्निके (जखमेच्या वर घट्ट आवळायचा पट्टा) बांधून वेळ लिहायची, आडवं ठेवायचं, पांघरायचं, शस्त्रक्रिया लागू शकेल अशा जखमीला काही पाजायचं नाही, आणि तो बोलतोय म्हणून मदत बोलवायला उशीर करायचा नाही.

परीक्षा बदलली की शिकवणं आपोआप बदलतं, म्हणून एक प्रश्नही सोबत पाठवते. 'प्रसूतीला ४० मिनिटं झालेली स्त्री. नाडी ११८, रक्तदाब ११२/९०, श्वास मिनिटाला २४, हात गार, पाणी मागते आहे. चादर ओली आहे. आपण काय कराल?' यावर जो विद्यार्थी 'रक्तदाब स्थिर, अर्ध्या तासाने पुन्हा तपासणे' असं लिहील, त्याला कृपया नापास करा. आणि जो आधी मदतीसाठी हाक मारतो, चादर उचलून पाहतो, गर्भाशयावर हात ठेवतो, त्याला पूर्ण गुण द्या, मग त्याने व्याख्या लिहिलेली असो वा नसो.

आपली,
अतिदक्षता विभागातली एक परिचारिका